इंग्लंडमधल्या आपल्या गावाचा इतिहास शोधायचाय? पॅरिशपासून सुरुवात करा

नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडला आलेले बरेच मराठी लोक आता शहर सोडून आसपासच्या खेड्यांमधे घरं घेतायत. आणि मग कधीतरी प्रश्न पडतोच की हे समोरचं दगडी चर्च किती जुनं, गल्लीला ‘पाउंड लेन’ का म्हणतात, आपल्या घराच्या जागी आधी काय होतं. मी आमच्या गावच्या लोकल हिस्ट्री सोसायटीत काम करते, तिथे नवीन येणारे लोक ज्या ज्या ठिकाणी अडकतात ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. इतिहासाची डिग्री लागत नाही, चिकाटी मात्र लागते, आणि पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, ती म्हणजे इथली जुनी कागदपत्रं गावाच्या नावाने कमी आणि पॅरिशच्या नावाने जास्त ठेवलेली असतात. पॅरिश चुकली तर पुढचं सगळंच चुकतं.

सुरुवातीला काय काय जवळ हवं

- पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून काउन्सिल टॅक्सचं बिल किंवा बँक स्टेटमेंट (रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे काउंटीचे जुने कागद ठेवतात त्या सरकारी ऑफिसचं, कार्ड काढायला)
- पेन्सिली आणि वही. पेन घरी ठेवा, रीडिंग रूममधे चालतच नाही
- फोटो काढता येईल असा फोन आणि पॉवर बँक
- छोटा टॉर्च
- तुमच्या भागाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा (ही इथली सरकारी नकाशा संस्था) एक्सप्लोरर नकाशा, १:२५,००० वाला
- पब्लिक लायब्ररीचं कार्ड, हे फुकट मिळतं आणि याच्यावर किती पैसे वाचतात ते पुढे सांगते
- चिखलात चालतील असे बूट

१. आधी पॅरिश कुठली ते नक्की करा

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चला बांधलेला इलाखा. तिथल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं त्या चर्चमधे व्हायची आणि पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे टाइद, त्या चर्चला जायचा. नंतर सोळाव्या शतकापासून सरकारने याच पॅरिशच्या गळ्यात बाकीची कामंही घातली, १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती, १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसणं, त्यामुळे धार्मिक आणि सरकारी दोन्ही कागद एकाच ठिकाणी साठत गेले आणि आज आपल्याला त्याचाच फायदा होतो.

आता गोंधळ कुठे होतो तर आज इंग्लंडमधे दोन प्रकारच्या पॅरिश आहेत. एक चर्चची, आणि एक सिव्हिल पॅरिश जिची पॅरिश काउन्सिल असते, जी बाकडी, फुटपाथ, अ‍ॅलॉटमेंट (भाड्याने मिळणारे भाजीचे वाफे) वगैरे बघते. १८९४ च्या कायद्याने पॅरिश काउन्सिलं आली आणि गावचा कारभार चर्चपासून वेगळा झाला. दोघींच्या सीमा एकच असतील असं धरून चालू नका. शिवाय एकोणिसाव्या शतकात कित्येक पॅरिश तोडल्या, जोडल्या, एका पॅरिशचा तुकडा दुसरीच्या पोटात असायचा ते तुकडे हलवले. म्हणून ‘ए व्हिजन ऑफ ब्रिटन’ ह्या साइटवर जाऊन गावाचं नाव टाका, तिथे पॅरिशच्या सीमा कधी कशा बदलल्या ते मिळतं.

उत्तर इंग्लंडमधे राहत असाल तर अजून एक, तिकडे पॅरिश प्रचंड मोठ्या असायच्या आणि त्यांच्या पोटात बऱ्याच टाउनशिप, म्हणजे वेगवेगळी गावं, असायच्या, म्हणजे तुमच्या गावाचे कागद सहा मैलांवरच्या भलत्याच चर्चच्या नावाखाली सापडू शकतात. आणि तुमच्या गावातलं चर्च व्हिक्टोरियन काळात बांधलेलं असेल तर त्याआधीच्या नोंदींसाठी मूळची आईपॅरिश शोधावीच लागणार.

काउंटीसुद्धा तपासा. १९७४ मधे काउंट्यांच्या सीमा बदलल्या. अ‍ॅबिंग्डन आणि आसपासची गावं आज ऑक्सफर्डशरमधे आहेत पण जुने कागद रेडिंगला बर्कशरच्या रेकॉर्ड ऑफिसात. गाडी काढण्याआधी हे बघून घेतलं तर दिवस फुकट जात नाही.

२. नकाशे बघा, मग पॅरिशच्या हद्दीवरून चाला

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचेसुद्धा जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे मोफत आहेत, आणि तिथे एका बाजूला १८८०-९० चा नकाशा आणि शेजारी आजचा सॅटेलाइट असं ठेवून बघता येतं. मला विचाराल तर ह्या सगळ्या उद्योगातली ही सर्वात चांगली फुकट सोय आहे. पहिली एक संध्याकाळ त्यालाच द्या. विटांची भट्टी, गिरणी, शाळा, विहिरी, लोहाराचं दुकान, सगळं लिहिलेलं असतं. पाउंड लेनचं कोडंही बहुतेक इथेच सुटेल, पाउंड म्हणजे कोंडवाडा, मोकाट जनावरं डांबायची जागा.

एक्सप्लोरर नकाशावर सिव्हिल पॅरिशची हद्द ठिपक्यांनी दाखवलेली असते. तिच्या आकाराकडे नीट बघा. चॉकच्या, म्हणजे खडूच्या दगडाच्या, टेकड्यांच्या भागात, म्हणजे विल्टशर किंवा ससेक्सच्या साउथ डाउन्समधे, पॅरिश लांबट चिंचोळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. कारण साधं आहे, प्रत्येक गावाला खाली नदीकाठचं कुरण हवं, मधे नांगरटीची जमीन हवी आणि वर मेंढ्यांसाठी टेकडीचा माळ हवा, म्हणून सगळ्यांनी जमीन आडवी न वाटता उभी वाटून घेतली. ह्यातल्या काही हद्दी १०६६ मधे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकायच्या आधीपासूनच्या आहेत.

मग बूट घालून हद्दीवरून जिथे जिथे पायवाट आहे तिथे चाला. जुनं जाड कुंपण, बांध, ओढा, हद्दीचा दगड दिसेल. शेतात एकसारख्या लाटांसारखे उंचवटे दिसले तर ते ‘रिज अँड फरो’, मध्ययुगात सामाईक उघड्या शेतात बैलांच्या नांगराने पडलेले पट्टे, जे नंतर तिथे गवत राखलं म्हणून टिकले. ती उघड्या शेतांची पद्धत प्रत्यक्ष चालू असलेली बघायची असेल तर नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला जा, तिथे आजही पट्ट्यांची शेती होते आणि तिच्यावर देखरेख करणारं मॅनॉरचं, म्हणजे तिथल्या जुन्या जमीनदारीचं, कोर्ट दरवर्षी भरतं. बाकी बऱ्याच ठिकाणी १७५० ते १८५० च्या दरम्यान पार्लमेंटच्या एन्क्लोजर कायद्यांनी ही शेतं आणि गायरानं कुंपणं घालून वाटून टाकली, आणि गायरानावर एखादी गाय चारून जगणाऱ्या माणसाची ती सोय गेली. तुमच्या पॅरिशचा एन्क्लोजर अवॉर्ड, म्हणजे ह्या वाटणीचा निवाडा, असेल तर त्यात कोणाला काय मिळालं ते सापडतं, जरूर मागवा.

३. चर्चमधे जा, आणि सावकाश बघा

बरीच गावची चर्चेस दिवसा उघडी असतात. बंद असेल तर पोर्चमधे नोटीस असते, किल्ली कोणाकडे आहे ते लिहिलेलं असतं. आपण ख्रिश्चन नाही म्हणून संकोच करू नका, कोणी काही म्हणत नाही, फक्त प्रार्थना किंवा अंत्यविधी चालू असेल तर बाहेर थांबा आणि निघताना पेटीत थोडे पैसे टाका, त्या छपराचा खर्च गावातली मूठभर माणसं उचलत असतात.

आत काय बघायचं:

पाद्र्यांची यादी, ही बहुतेक दारापाशी लावलेली असते आणि तेराव्या चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते. १३४८-४९ च्या आसपास पटापट दोन तीन नावं बदलली असतील तर तो ब्लॅक डेथ, म्हणजे प्लेगची मोठी साथ. नाव ‘रेक्टर’ म्हणून आहे की ‘व्हिकार’ हेही टिपून घ्या, कारण रेक्टरला धान्याची मोठी टाइद मिळायची आणि व्हिकारला फक्त छोटी, म्हणजे व्हिकार असेल तर मोठी टाइद कोणीतरी दुसराच, आधी एखादा मठ आणि नंतर बऱ्याचदा एखादा जमीनदार, खात होता. कोण, ते शोधायचं.

भिंतीवरच्या दानाच्या पाट्या. अमक्याने मृत्युपत्रात अमुक शेताचं उत्पन्न गरिबांना पाव वाटायला ठेवलं असं त्यावर रंगवलेलं असतं. त्या शेताचं नाव लिहून घ्या, पुढे नकाशावर ते सापडतं आणि फार छान वाटतं.

जुनी लाकडी पेटी. १५३८ मधे बाप्तिस्मे, लग्नं, दफनांचं रजिस्टर ठेवायचा हुकूम निघाला तेव्हाच ते पेटीत कुलूपबंद ठेवायचं असंही ठरलं. तीन कुलुपांच्या पेट्या बऱ्याच ठिकाणी अजून आहेत, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दोन चर्चवॉर्डनांकडे (गावातून निवडलेले चर्चचे कारभारी), म्हणजे तिघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पेटी आता रिकामी असते, आतले कागद रेकॉर्ड ऑफिसात गेले.

बाहेर थडगी वाचताना टॉर्च बाजूने तिरका धरा, पुसट अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. दगड ब्रशने घासू नका, शेवाळ खरवडू नका, त्याबरोबर अक्षरंही जातात. १७०० च्या आधीचे दगड बाहेर कमीच असतात कारण साध्या माणसाला दगडाचं थडगं परवडायचंच नाही, म्हणून थडग्यांवरून गावाचा अंदाज बांधू नका.

आणि चर्च जर शेतात एकटंच उभं असेल, आजूबाजूला घर नसेल, तर लगेच ‘प्लेगमधे गाव नष्ट झालं’ असं लिहू नका. हे स्पष्टीकरण जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सीचं उदाहरण बघा, १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं तिथे दर उन्हाळ्यात उत्खनन झालं, आणि शेवटची घरं १५०० च्या सुमारास उठली ती जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं म्हणून. चर्च राहिलं, गाव गेलं. कधी कधी तर गावच रस्त्याच्या दिशेने सरकलेलं असतं.

४. घरी बसून जे छापील आहे ते वाचून काढा

रेकॉर्ड ऑफिसला जायच्या आधी हे करा. नाहीतर तिथे तासभर जे खरडून घ्याल ते शंभर वर्षांपूर्वीच छापलेलं निघतं.

‘ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइन’वर व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्रीचे बरेच खंड मोफत आहेत. हा प्रकल्प १८९९ ला सुरू झाला आणि अजून चालू आहे, त्यामुळे तुमची काउंटी पूर्ण झालेली असेल किंवा नसेलही. झालेली असेल तर तुमच्या पॅरिशवर एक आख्खं प्रकरण तयार मिळेल, मॅनॉर कोणाकडून कोणाकडे गेला, चर्च, गिरणी, शाळा, चॅपल सगळं. तळटीपा वाचा, कुठला कागद कुठे आहे ते त्यातच असतं.

डोम्सडे, म्हणजे राजाने करवून घेतलेली जमिनींची मोठी नोंदवही, १०८६ चं आहे आणि ‘ओपन डोम्सडे’वर पानाच्या फोटोसकट बघता येतं. तिथे एक सूचना लक्षात ठेवा, त्यातले आकडे कुटुंबप्रमुखांचे आहेत, १२ माणसं लिहिली म्हणजे गावात १२ डोकी नव्हेत, घरं धरून चार-पाच पटीने मोजावं लागतं. आणि डोम्सडेमधे नाव नाही म्हणजे गाव नव्हतं असंही नाही, कधी ते शेजारच्या मॅनॉरमधे मोजलंय. डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड तर त्यात नाहीतच.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी, पण घरातल्या माणसांची नावं सगळीकडे मिळतात ती १८४१ पासून. १८४१ मधे मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलीत, ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो, त्यामुळे १८५१ जास्त कामाची, त्यात नातं आणि जन्माची पॅरिशपण आहे. १९३१ ची जळाली, १९४१ ची झालीच नाही, १९२१ ची २०२२ पासून खुली आहे. खेड्यांमधे घरांना नंबर नसायचे, तर मोजणीवाला कुठल्या वाटेने फिरला हे वहीच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं ते वाचून नकाशावर बोट ठेवत घर शोधायचं.

अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट ह्या जुन्या नोंदींच्या साइटना पैसे भरायच्या आधी पब्लिक लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर ह्यातलं एखादं फुकट बघता येतं. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग ह्या तशाच साइट तर मोफतच आहेत.

५. रेकॉर्ड ऑफिसची पहिली भेट

डर्बीशरचं मॅटलॉकला, विल्टशरचं चिपनहॅमला, सरेचं वोकिंगला, असं प्रत्येक काउंटीचं आपापलं ठिकाण. शंभर वर्षांपेक्षा जुनी झालेली चर्चची रजिस्टरं १९७८ च्या नियमानुसार तिथे जमा करावी लागतात, त्यामुळे व्हिकारला ईमेल करून जुनं रजिस्टर मागू नका.

आधी ऑनलाइन कॅटलॉगमधे शोधा, कागदाचा रेफरन्स नंबर जसाच्या तसा लिहून घ्या, आणि ईमेल करून बुकिंग करा. बरीच ऑफिसं आता आठवड्यात मोजके दिवसच उघडी असतात आणि काही कागद दुसऱ्या गोदामात असतात. बऱ्याच काउंट्यांमधे एकच आर्काइव्ह्ज कार्ड चालतं, ऑनलाइन नोंदणी करायची आणि पहिल्या भेटीत ओळख आणि पत्ता दाखवून कार्ड घ्यायचं. लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जचं रीडर्स तिकीट वेगळं.

बॅग लॉकरमधे, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. हातमोजे लागतात असं टीव्हीवर दाखवतात पण कागदाला स्वच्छ कोरडे हातच बरे, मोजे घालून पान फाटतं. फोटोला बहुतेक ठिकाणी दिवसाची फी असते, ती भरा आणि प्रत्येक फोटोच्या आधी रेफरन्स नंबरच्या चिठ्ठीचा एक फोटो काढा. हे कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका, महिन्याभराने फोनमधले तीनशे फोटो कुठल्या वहीचे हे कोणालाच आठवत नाही.

आणि तिथल्या आर्काइव्हिस्टशी बोला. ‘मला गावाचा इतिहास हवाय’ असं मोघम न म्हणता ‘ह्या पॅरिशच्या १७५० ते १८०० च्या ओव्हरसीअरच्या वह्या बघायच्यात’ (ओव्हरसीअर कोण ते पुढे येतं) असं सांगितलं की ते तुम्हाला माहीत नसलेल्या तीन गोष्टी आणून देतात.

६. रजिस्टर वाचताना

१५३८ मधे राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहायला लावली. पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टर सुरू होतं १५५८ पासून, कारण एलिझाबेथच्या काळात जुन्या कागदी वह्या चामड्याच्या पानांवर उतरवून घ्यायचा हुकूम निघाला तेव्हा ‘निदान राणीच्या कारकिर्दीपासून तरी’ अशी मुभा होती. त्याच वेळेपासून दरवर्षीची एक नक्कल बिशपकडेही जायची, म्हणून मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर बिशप्स ट्रान्स्क्रिप्ट मागा. १६४० ते १६६० मधे यादवीमुळे खूप ठिकाणी नोंदी तुटक आहेत, ते गृहीतच धरा.

सगळ्यात मोठा सापळा तारखांचा. १७५२ पर्यंत इथे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा मे १६६५ ला आणि दफन फेब्रुवारी १६६५ ला दिसलं तर घाबरू नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १६६६ चा आहे. तुम्ही लिहिताना १६६५/६६ असं लिहा.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मधे मधे लॅटिन येतं पण ते ठराविक चार-सहा शब्दांचं. अक्षर मात्र जुनं, सेक्रेटरी हँड, ते शिकावं लागतं. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर मोफत धडे आहेत. माझी पद्धत अशी की शेवटाकडून सुरू करायचं, १८१३ नंतरची रजिस्टरं छापील रकान्यांची आहेत, वडिलांचा धंदा, राहण्याचं ठिकाण, मेलेल्याचं वय सगळं सुटसुटीत, तिथून एकेक पिढी मागे जायचं म्हणजे गावातली आडनावं डोळ्यांत बसतात आणि मग १६०० मधलं वेडंवाकडं अक्षरसुद्धा ओळखीचं वाटायला लागतं.

दफनांच्या नोंदीत ‘अ‍ॅफिडेव्हिट’ असा शब्द दिसेल. लोकरीचा धंदा चालावा म्हणून १६७८ च्या कायद्याने मृताला लोकरीच्याच कपड्यात पुरलं हे शपथेवर सांगावं लागायचं. नावापुढे एकटं ‘पी’ असेल तर बहुतेक वेळा पॉपर, म्हणजे पॅरिशच्या खर्चाने पुरलेला.

१७५४ पासून लग्नाच्या रजिस्टरवर वधूवरांच्या सह्या असतात, सही येत नसेल तर फुली. पन्नास वर्षांच्या सह्या आणि फुल्या मोजल्या तर गावात किती बायका-पुरुषांना सही येत होती ते कळतं, नवीन माणसाने करण्यासारखं हे पहिलं छोटं संशोधन आहे. आणि १७५४ ते १८३७ मधे क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिश चर्चमधेच लग्न करावं लागायचं, त्यामुळे मेथडिस्ट वगैरे वेगळ्या पंथांच्या घरांची लग्नंपण इथेच सापडतात.

७. गरिबांच्या वह्या, ह्या सोडू नका

जमीनदाराचा इतिहास कोणीतरी आधीच लिहिलेला असतो. ओव्हरसीअर म्हणजे गरिबांना मदत वाटायला गावातूनच नेमलेला माणूस, त्याच्या हिशोबाच्या वह्यांमधे बाकीचं गाव आहे. अमक्या विधवेला आठवड्याला शिलिंग, तिच्या मुलाला बुटांची जोडी, सुइणीचे पैसे, कोळसा, कफन, शवपेटी, आणि दफनाच्या वेळची बिअर. पंधरा वीस वर्षं सलग वाचत गेलं की एकच नाव आधी मुलांसाठी, मग आजारपणासाठी, मग शेवटी शवपेटीच्या खर्चात दिसतं, आणि ज्या बाईचं थडगं नाही, मृत्युपत्र नाही, चित्र नाही, तिचं आख्खं आयुष्य तुमच्या वहीत उतरलेलं असतं. (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, बेरजा तपासताना लागेल.)

१६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांना कपड्यावर ‘पी’ आणि पॅरिशचं आद्याक्षर असा बिल्ला लावावा लागायचा, बायकोमुलांनासुद्धा. तुमच्या पॅरिशने बिल्ल्यांच्या कापडावर पैसे खर्च केलेत का ते वहीत बघा.

त्याच गठ्ठ्यात सेटलमेंटचे कागद असतात. १६६२ पासून कायदा असा की गरीब माणसाला त्याच्या ‘स्वतःच्या’ पॅरिशनेच पोसायचं, म्हणून बाहेरून आलेला कोणी उद्या आपल्यावर बोजा होईल असं वाटलं की त्याची जबानी घ्यायची, कुठे जन्मला, कोणाकडे वर्षभर चाकरी केली, लग्न कुठे झालं, आणि मग त्याला परत पाठवायचा हुकूम काढायचा. गरोदर बायकांना तर घाईघाईने हद्दीबाहेर पोचवायचे, कारण लग्नाशिवाय झालेलं मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशच्या गळ्यात पडायचं. त्या जबान्या वाचताना त्रास होतो. पण शेतमजुराच्या तोंडून सांगितलेलं त्याचं आयुष्य दुसरीकडे कुठे मिळत नाही. १८३४ नंतर हे काम युनियन (बऱ्याच पॅरिश मिळून केलेला गट) आणि त्यांच्या वर्कहाउसकडे, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या घराकडे गेलं, त्यापुढचे कागद युनियनच्या नावाखाली शोधा.

८. टाइद नकाशा

आपल्याकडे सातबाऱ्यावर जसं गट नंबर, मालक, कसणारा, पीक सगळं एका ठिकाणी दिसतं तसाच हा प्रकार, आणि तोही आख्ख्या पॅरिशचा. १८३६ च्या कायद्याने टाइद धान्याऐवजी पैशात घ्यायची ठरली, त्यासाठी पुढच्या पंधरा-वीस वर्षांत नकाशे आणि सोबत याद्या झाल्या. यादीत जमीन कोणाची, राहतो किंवा कसतो कोण, नकाशावरचा नंबर, शेताचं नाव, नांगरट की गवत, आणि क्षेत्रफळ एकर, रूड, पर्चमधे (४० पर्चचा रूड, ४ रूडचा एकर).

शेतांची नावं सगळी उतरवून घ्या. किल्न फील्ड म्हणजे तिथे भट्टी होती, ग्लीब म्हणजे पाद्र्याच्या निर्वाहाची जमीन. मग १८४१ आणि १८५१ ची जनगणना शेजारी ठेवा आणि एकेका घराला नकाशावरचा नंबर घालत जा. तीन प्रती काढलेल्या असायच्या, एक सरकारची, एक बिशपची, एक पॅरिशची, त्यामुळे एक खराब असली तर दुसरी मागा. एन्क्लोजरच्या वेळीच टाइद मिटवून टाकली असेल तर मात्र नकाशा नसतो, मग एन्क्लोजरचाच नकाशा वापरायचा.

९. ऐकीव गोष्ट कागदाशी ताडून बघा

डर्बीशरमधलं ईम हे गाव तुम्ही ऐकलं असेल. सप्टेंबर १६६५ मधे लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून प्लेग आला असं सांगतात, पहिला गेला जॉर्ज व्हिकर्स. पुढच्या उन्हाळ्यात रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा, पदावरून काढलेला पाद्री थॉमस स्टॅनली ह्या दोघांनी मिळून गावाला हद्दीच्या आत राहायला तयार केलं, आजूबाजूच्या गावांना लागण होऊ नये म्हणून. हद्दीच्या दगडावर व्हिनेगर भरलेले खळगे होते, त्यात नाणी ठेवायची आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर. प्रत्येकाने आपली माणसं आपणच पुरायची. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, ती रायली ग्रेव्ह्ज आजही शेतात आहेत. मॉम्पेसनची बायको कॅथरिनपण ऑगस्ट १६६६ मधे गेली. १८९७ चा पुण्यातला प्लेग आणि घराघरातून माणसं उचलून नेणं ज्यांच्या घरात आजी-पणजीकडून ऐकलंय त्यांना ईममधे उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं.

आता अभ्यासाचा भाग. जुन्या पुस्तकांमधे गावाची वस्ती साडेतीनशे आणि मेलेले २६० च्या आसपास, म्हणजे गावातले बहुतेक सगळे गेले असं दिलं जायचं. मेलेल्यांचा आकडा दफनांच्या यादीवरून येतो, नावानिशी. पण वस्तीचा आकडा नंतरच्या अभ्यासकांनी हर्थ टॅक्स, म्हणजे चुलींवरच्या कराच्या याद्या आणि रजिस्टर एकत्र ताडून पाहिला तेव्हा तो सातशेच्या आसपास निघाला. शोकांतिका त्याने लहान होत नाही, फक्त खरी होते. तुमच्या गावात भुयार, (यादवीतल्या ऑलिव्हर) क्रॉमवेलच्या घोड्यांचा मुक्काम, प्लेगचं शेत असं काही सांगितलं गेलं तर असंच करा, ही गोष्ट पहिल्यांदा कुठल्या कागदात आणि कुठल्या साली आली ते शोधा, आणि सांगणाऱ्या आजोबांशी वाद घालू नका, त्यांनी सांगितलेलं वेगळं, तारखेसकट लिहून ठेवा.

१०. आपल्याकडचे धागे

मराठी वाचकाला काही पॅरिशमधे आपलाच इतिहास भेटतो. पेशव्यांच्या दरबारात १७८६ पासून रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, असलेला, नाना फडणवीसांशी १७९० चा टिपूविरुद्धचा तह करणारा चार्ल्स मॅलेट परत येऊन विल्टशरमधल्या न्यूटन टोनी पॅरिशमधल्या विल्बरी हाउसचा मालक झाला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने शेवटची वर्षं सरेमधल्या लिंप्सफील्डला हूकवूड इथे काढली आणि १८५९ मधे तिथेच वारला. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोक रोला तर काशीच्या महाराजांनी दिलेली विहीर आहे, १८६४ ची, ३६८ फूट खोल, हाताने खणलेली.

तुमच्या चर्चच्या भिंतीवर ‘बॉम्बे’, ‘पूना’, ‘असई’ दिसतं का बघा. कंपनीचे लोक जिथे स्थायिक झाले त्या पॅरिशच्या रजिस्टरात हिंदुस्थानातून आणलेल्या नोकरांच्या नोंदी असू शकतात, ‘ईस्ट इंडियन’ किंवा ‘ब्लॅक’ असं लिहून पुढे नवीन ख्रिश्चन नाव. मूळ नाव बहुधा नसतं. अशी नोंद सापडली तर पूर्ण उतरवा आणि रेकॉर्ड ऑफिसला कळवा, कारण बऱ्याच काउंट्या अशा नोंदी गोळा करतायत आणि आपल्याला आडनावं, बोलीतली नावं ओळखू येतात, ती मदत त्यांना खरंच हवी असते.

११. लिहा आणि जमा करा

सगळं सापडेपर्यंत थांबू नका. एक घर, एक शेत, एक दानाची पाटी, एवढ्यावर चार पानं लिहा. प्रत्येक वाक्यापुढे कागदाचा नंबर टाका. रेकॉर्ड ऑफिसातले फोटो छापायचे किंवा ऑनलाइन टाकायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या, रीडिंग रूमची फी फक्त अभ्यासासाठी असते. शंभर वर्षांच्या आतल्या माणसांबद्दल लिहिताना त्यांच्या घरच्यांना विचारा. शाळेच्या लॉगबुकमधे अमक्याच्या मुलीला छडी मारली असं सापडेल आणि तिची नात शेजारीच राहत असेल.

लिहून झालं की एक प्रत काउंटी रेकॉर्ड ऑफिसला, एक लायब्ररीच्या लोकल स्टडीज विभागाला, एक चर्चमधे ठेवायला द्या. पहिल्या पानावर पॅरिशचं नाव, काउंटी, कुठल्या वर्षांपासून कुठल्या वर्षांपर्यंतचे कागद पाहिलेत, आणि लिहिल्याची तारीख ठळक टाका.